उस्ताद अल्लारखा ऊर्फ ए. आर. कुरेशी

'तबलजी' हा शब्द आपल्याकडे फार काळ आदराने उच्चारला जात नव्हता. गाणारा तो बुवा किंवा खाँसाहेब, सतार वाजविणारा तो पंडित किंवा उस्ताद. पण त्यांच्या शेजारी बसून रात्रभर ठेका धरणारा मात्र नुसता तबलजी. त्याची बिदागी कमी, त्याची बैठक जरा मागे, आणि जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर त्याचे नाव बहुधा नसेच. कोठीवरच्या नाचगाण्याशी तबल्याचे नाते जोडले गेले होते, त्याचा डागही या शब्दाला होता. आपल्या समाजातील घरंदाज मंडळी तर मुलाने या वाटेला जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसत म्हणायला हरकत नाही. फक्त म्हण आपली नव्हे, शेजाऱ्यांची.

हा डाग पुसण्याचे काम ज्या थोड्या कलावंतांनी केले त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव मराठी माणसाला अधिक परिचित आहे, कारण ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवीत. या लेखात मात्र मी उस्ताद अल्लारखा यांच्याविषयी लिहिणार आहे. कारण असे की, त्यांनी जितक्या निरनिराळ्या प्रकारची कामे केली तितकी त्यांच्या पिढीतील दुसऱ्या तबलावादकाने क्वचितच केली असतील. साथ, आकाशवाणीची नोकरी, चित्रपटांचे संगीत दिग्दर्शन, स्वतंत्र वादन, परदेशचे दौरे, तिकडच्या ड्रमवाल्याबरोबर ध्वनिमुद्रिका, आणि शेवटी शिकवणी. मुलाने एकच गोष्ट धरून बसावे की समोर येईल ते काम करावे, हा प्रश्न पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात. अल्लारखांचे आयुष्य पाहिले म्हणजे हा प्रश्न मांडायलाच चुकतो आहे असे मला वाटते.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ रोजी जम्मू भागातील एका खेड्यात झाला. घरी शेती, बोली डोगरी, आणि घरात संगीताची परंपरा अशी काही नव्हती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. तबल्याचे इल्म त्या काळी बापाकडून मुलाकडे आणि काकाकडून पुतण्याकडे जाई. बाहेरच्या मुलाला घराण्याची खरी पुंजी हाती लागणे कठीण. हा मुलगा बाराएक वर्षांचा असताना नातेवाइकांकडे गुरदासपूरला राहिला, तेथे तबल्याच्या नादी लागला, आणि पुढे घर सोडून लाहोरला पंजाब घराण्याचे उस्ताद मियाँ कादिरबख्श यांच्याकडे पोहोचला. शाळेचा वर्ग त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. परंतु तालमीचा वर्ग असा आला की तो पुढे साठ-पासष्ट वर्षे पुरला.

पंजाब घराण्याच्या तबल्यावर पखवाजाचे वळण आहे आणि लयीचा हिशेब हे त्याचे वैशिष्ट्य समजले जाते. शिवाय अल्लारखांनी पतियाळा घराण्याचे आशिक अली खाँ यांच्याकडे गाण्याची, रागविद्येची तालीम घेतली. तबला शिकणाऱ्याने गाणे कशाला शिकावे, असे कोणी म्हणेल. पण याच तालमीच्या बळावर ते पुढे चित्रपटांना चाली देऊ शकले, आणि मोठ्या गवयांना त्यांची साथ आवडली तीही यामुळेच. गायक आता कोठे वळणार हे ज्याला आधी कळते तोच नीट साथ करतो.

लयीचा हिशेब म्हणजे काय, हे विद्यार्थी मित्रांसाठी थोडे सांगतो. त्रितालात सोळा मात्रा असतात. पहिली मात्रा ती सम. सोळा मात्रांचे चक्र संपले की पुन्हा समेवर यायचे. आता पाच मात्रांचा एक तुकडा घ्या, तो तीनदा वाजवा आणि मध्ये एकेक मात्रा मोकळी सोडा: पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. म्हणजे समेपासून सुरुवात केली तर शेवटचा आघात बरोबर पुढच्या समेवर पडतो. यालाच तिहाई म्हणतात. झपताल दहा मात्रांचा. तेथे तीन, एक, तीन, एक, तीन, म्हणजे अकरा. रूपक सात मात्रांचा. तेथे दोन, एक, दोन, एक, दोन, म्हणजे आठ. अकरा मात्रांच्या तालात चार मात्रांचा तुकडा मध्ये जागा न सोडता तीनदा वाजविला की बारा. हा झाला बालवर्ग. अल्लारखांची ख्याती होती ती नऊ, अकरा, तेरा, पंधरा अशा अवघड मात्रांच्या तालांत ऐन वेळी, कागद-पेन्सिलीशिवाय, याहून कितीतरी लांबलचक हिशेब करून समेवर अचूक उतरण्याची. आमचे गणिताचे सहकारी शिक्षक म्हणतात की हा पाठ वर्गात टाळी देऊन घेतला तर लघुतम साधारण विभाज्य मुलांच्या लवकर ध्यानात येतो. प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

लाहोरला साथीदार म्हणून उमेदवारी केल्यावर अल्लारखा आकाशवाणीच्या नोकरीत शिरले आणि १९४० साली मुंबई केंद्रावर आले. रेडिओची नोकरी म्हणजे कलावंताची गिरणीच. सकाळी भजन, दुपारी गझल, संध्याकाळी ख्याल, मध्येच वाद्यवृंद. ज्याच्या नावापुढे पाटी लागेल त्याच्या शेजारी बसायचे आणि लाल दिवा लागला की वाजवायचे. येथे माझी आवड, माझे घराणे अशी भाषा चालत नाही. या केंद्रावरून पहिले स्वतंत्र तबलावादन त्यांनीच केले, असे त्यांच्या चरित्रात नोंदविलेले आहे. साथीच्या वाद्याला स्वतःची अशी दहा-पंधरा मिनिटे मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर आला चित्रपट. १९४३ च्या सुमारास ते संगीत दिग्दर्शक झाले, पण 'अल्लारखा' या नावाने नव्हे. पडद्यावर नाव येई ए. आर. कुरेशी. अक्षरे त्यांच्याच नावाची, आडनावही त्यांचेच. तरी मैफलीतला रसिक आणि तिकीट काढून पिक्चर पाहणारा प्रेक्षक यांना एकाच माणसाची ओळख पटू नये इतके अंतर या दोन नावांत होते. शास्त्रीय संगीताच्या वर्तुळात सिनेमाचे काम हलके मानले जाई, तेव्हा कारण समजण्यासारखे आहे. 'सबक' (१९५०), 'बेवफा' (१९५२), 'खानदान' (१९५५), आणि जुन्या 'आलमआरा'ची १९५६ मधील नवी आवृत्ती, हे त्यांच्या चित्रपटांपैकी काही. 'बेवफा'त राज कपूर, नर्गिस आणि अशोककुमार होते, यावरून हे काम आडबाजूचे नव्हते हे कळेल. एकूण चित्रपटांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात जाते.

त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाची रीत सांगितली म्हणजे हे काम किती निराळे होते ते लक्षात येईल. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. गायक-गायिका आणि सारा वाद्यमेळ एकत्र बसे. एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ताल बहुतेक करून आठ मात्रांचा केरवा नाही तर सहा मात्रांचा दादरा. वाद्यमेळ्यात व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजविणारे बरेचसे गोव्याचे ख्रिस्ती वादक, ते इंग्रजी स्वरलिपी वाचून वाजविणार. चाल देणारे उस्ताद तोंडाने सांगणार. उर्दू, कोंकणी, पंजाबी, मराठी, गुजराती अशा पाच भाषांच्या मुंबईत हा संसार चाले आणि गाणे तयार होई. तेरा मात्रांच्या हिशेबात रमणाऱ्या माणसाने साडेतीन मिनिटांच्या केरव्यात आपली अक्कल मुडपून बसवायची, ही कसरत सोपी नाही. अवघड काम करणाऱ्याला सोपे काम नीट करता येतेच असे नाही, अल्लारखांना आले.

गंमत अशी की 'बेवफा' निघाला त्याच १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. हे पुण्याचे गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ रजा दिली, आणि लोक रेडिओ सिलोन लावू लागले. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे सरकारी हिशेबाने अल्लारखा हे देशाचे भूषण आणि ए. आर. कुरेशी मात्र तरुणांची अभिरुची बिघडविणारे! माणूस एकच, हात तेच. हलके संगीत आणि भारी संगीत अशी भिंत घालणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

फाळणीचा उल्लेखही केला पाहिजे. १९४७ साली मियाँ कादिरबख्श लाहोरला राहिले, शागीर्द मुंबईत. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये सरहद्द आली. पंजाब घराण्याचा तबला सरहद्दीच्या या बाजूस वाढला त्यात अल्लारखांचा वाटा फार मोठा आहे.

चित्रपटाची कमाई बरी असली तरी त्यांचे मन मैफलीत होते, आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते पुन्हा तिकडे वळत गेले. बडे गुलाम अली खाँ, अली अकबर खाँ, विलायत खाँ अशा थोरांची साथ त्यांनी केली. पण जोडी जमली ती पंडित रविशंकर यांच्याशी. परदेशात तबला प्रथम पोहोचविणाऱ्यांत पंडित चतुरलाल हे आघाडीचे. १९५५ साली अली अकबर खाँ यांच्याबरोबर ते न्यूयॉर्कला गेले होते. १९६५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. साठच्या दशकात रविशंकरांच्या शेजारची जागा मुख्यतः अल्लारखांची झाली. रविशंकर मैफलीत तबल्याला स्वतंत्र वाव देत, आणि शेवटी सतार आणि तबल्याचे सवाल-जवाब रंगत. आपल्याकडे सवाल-जवाब म्हटले की तमाशातला फड आठवतो. येथे सवाल सतारीचा आणि जवाब तबल्याचा. उत्तर देणारा कमी पडला तर सगळी गंमत जाते. या सवाल-जवाबानेच साथीदार हा बरोबरीचा भागीदार आहे हे हजारो श्रोत्यांना न सांगता कळले.

१८ जून १९६७ रोजी अमेरिकेत माँटेरे येथे तरुणांचा मोठा पॉप संगीत महोत्सव झाला. तेथे एक संपूर्ण दुपार या दोघांना दिलेली होती. त्या महोत्सवावर निघालेल्या चित्रपटाचा शेवट त्यांच्याच वादनाने होतो. दोन वर्षांनी वुडस्टॉकला लाखोंच्या समुदायापुढे, पावसात, ते वाजवून आले; ती तारीख होती १५ ऑगस्ट १९६९. पुढे १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती असे चौघे होते. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, एक राग झाला. असे श्रोते समोर असताना वाजविणे यालाही वेगळे धैर्य लागते.

परंतु या झगमगाटापेक्षा मला मोलाची वाटते ती पॅरिसमधली एक हकीकत. साठच्या दशकाच्या मध्यात 'चप्पाक्वा' नावाच्या एका चित्रपटाचे संगीत तेथे होत होते. संगीत रविशंकरांचे, तबला अल्लारखांचा, आणि ते पाश्चात्य वादकांसाठी स्वरलिपीत उतरवून घेण्याचे काम फिलिप ग्लास या तरुण अमेरिकनाकडे. ग्लास न्यूयॉर्कच्या नामांकित ज्युलियार्ड संस्थेत शिकलेले आणि पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झालेले. पाश्चात्य लिपीत मात्रांचे सारखे गट पाडून मध्ये उभ्या रेघा मारतात आणि रेघेनंतरच्या स्वरावर आपोआप जोर येतो. ग्लास लिहीत, वादक वाजवीत, आणि अल्लारखा मान हलवीत की हे बरोबर नाही, सगळे स्वर सारखे आहेत. रेघा इकडच्या तिकडे केल्या, तरी तेच. अखेर ग्लास यांनी त्या उभ्या रेघा साफ पुसून टाकल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे लहान तुकडे जोडत जाणारे सोळा मात्रांचे पूर्ण चक्र उभे राहिले. आपल्या संगीताला येथे कलाटणी मिळाली, हे ग्लास यांनी स्वतः लिहिले आणि सांगितले आहे. पाश्चात्य स्वरलिपीशी ज्याचा संबंध नव्हता त्याने ज्युलियार्डच्या पदवीधराला लिहिण्यातली चूक दाखविली, आणि त्या पदवीधराने ती मान्य केली. दोघांचाही मोठेपणा मानला पाहिजे. वर्गात फळ्यासमोर उभे राहणाऱ्या आम्हा लोकांनी दुसऱ्याचाही अभ्यास करावा.

१९६८ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली, अमेरिकन जाझचा नामवंत ड्रमवादक बडी रिच याच्याबरोबर. नाव ठेवले 'रिच आ ला रखा'. फ्रेंचमध्ये 'आ ला' म्हणजे 'च्या पद्धतीने'. शब्दावर कोटी चांगली साधली आहे. रिच हा अल्लारखांपेक्षा दीडएक वर्षाने मोठा, लहानपणापासून रंगमंचावर वाढलेला, आणि त्यालाही स्वरलिपी वाचता येत नसे. कानाने शिकलेले दोन पन्नाशीचे गडी समोरासमोर बसले. रचनांना रविशंकरांचा हात लागलेला होता आणि बासरीवर पॉल हॉर्न. खरे सांगायचे तर संगीत म्हणून ही ध्वनिमुद्रिका सर्वत्र सारखी जमलेली नाही. कोठे कोठे दोघे एकमेकांना वाट देत थांबल्यासारखे वाटतात. पण पुढे ज्याला 'फ्यूजन' म्हणू लागले त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांत ती मोजावी लागते, आणि मुखपृष्ठावर तबलावादकाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. जुन्या तबकड्यांवर नाव नसण्यापासून येथपर्यंतचे अंतर पाहा.

इकडे मुंबईत, माहीमला, घरातली शाळा चालूच होती. ९ मार्च १९५१ रोजी थोरला मुलगा झाकीर जन्मला. आपल्या रीतीप्रमाणे नवजात बाळाच्या कानात अजान दिली जाते. बापाने मुलाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली तेव्हा हीच माझी प्रार्थना आहे असे उत्तर दिले. ही गोष्ट झाकीर हुसेन यांनी अनेक मुलाखतींतून सांगितली आहे. आपल्यापैकी काहींना ती रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु ती वगळून या माणसाचा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. आणि याच घराची दुसरी बाजूही त्याच मुलाने सांगितली आहे. पहाटे तीन वाजता बाप उठवी. तबल्याला हात न लावता तास-दोन तास नुसते बोल तोंडाने म्हणवून घेई, उस्तादांच्या हकिकती सांगे. उजाडल्यावर मुलगा मदरशात कुराणपठणाला जाई आणि तेथून सेंट मायकेल शाळेत. मुलाने शिकावे हा आईचा आग्रह. पुढे तो सेंट झेवियर्स कॉलेजात गेला. पहाटेची तालीम, सकाळचा मदरसा आणि दिवसाची शाळा यांपैकी कोणत्याही एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही. यात त्या मुलाच्या झोपेचे काय झाले ते मात्र कोणी विचारीत नाही!

सत्तरच्या दशकापासून झाकीर हुसेन यांचे नाव वाढत गेले, आणि 'उस्ताद अल्लारखांचा मुलगा' अशी ओळख उलटून लोक 'झाकीरचे वडील' म्हणू लागले. बापलेकांची जुगलबंदी मात्र बापाच्या हाताची ताकद दाखवीत राहिली. फजल आणि तौफिक हे धाकटे मुलगेही तालवादक झाले. सरकारने १९७७ मध्ये अल्लारखांना पद्मश्री दिली, १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९८५ मध्ये त्यांनी मुंबईत संगीतसंस्था काढली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शाळा! घराण्याबाहेरच्या शेतकऱ्याच्या मुलाला जसे कादिरबख्शांनी जवळ केले तसेच यांनी आपल्या मुलांखेरीज इतरांनाही भरभरून दिले. ख्याल गायक पंडित दिनकर कैकिणी यांचे चिरंजीव योगेश सम्सी यांनी त्यांच्याकडे वीसहून अधिक वर्षे तालीम घेतली. अनुराधा पाल यांचेही उदाहरण घेता येईल. मुलीने तबला वाजवावा ही कल्पना ज्या काळी लोकांना चमत्कारिक वाटे त्या काळी उस्तादांनी त्यांना शिकविले. मुलींच्या पालकांनी या नावाची नोंद घ्यावी.

फेब्रुवारी २००० मध्ये त्यांच्या मुलीचे अकस्मात निधन झाले. ही बातमी ऐकून हृदयविकाराचा झटका आला आणि ३ फेब्रुवारीस उस्तादांनी मुंबईतच देह ठेवला. झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. मधल्या काळात वर्षानुवर्षे ते ३ फेब्रुवारी या दिवशी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात वडिलांची बरसी करीत. कार्यक्रम भल्या सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चाले. तबला, पखवाज, मृदंगम यांच्याबरोबर परदेशचे ड्रमही त्या मंचावर वाजत, आणि नामवंत गायक व सतारिये त्या दिवशी एका तबलावादकाच्या नावाने हजेरी लावून जात.